कॉमन प्लॉटातली वाळू

आमच्या चाळीतल्या कानबाया चिखलात उघड्या पडलेल्या मी या डोळ्यांनी बघितल्या आहेत. त्या खड्ड्याचा माळी मीच होतो. मंडळाची पोरं दिवाळी अंकासाठी म्हणाली, "भाऊ, तुमच्या कामाचं काहीतरी लिहा," तेव्हा पहिलं तेच डोळ्यापुढं आलं. बाकी जन्मभर काय केलं ते सांगण्यासारखं नाही. आधी लूम चालवला, मग माती उकरली. शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन पोरं बघून घेतील, मी बोलतो तसं लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझी बायको इंदू या चैत्रात गेली. ओट्यावर बसून गवार मोडत होती. मी आत पाणी प्यायला गेलो, बाहेर आलो तर ती भिंतीला टेकलेली, मांडीवर गवार, हातात अर्धी शेंग. मी म्हटलं, "झोपली का गं?" तिला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. आमच्यात मारत नाहीत. आता मारतो तर ऐकायला ती नाही. डॉक्टरनं सांगितलं, लोकांनी खांदा दिला, पोरगी रडून सासरी परत गेली, आणि मी अजून त्या ओट्याकडे बघतो की ती अर्धी शेंग पडली कुठं. रडगाणं म्हणून हे लिहीत नाही. पुढची गोष्ट तिची आहे, म्हणून लिहिलं.

आम्ही शिरपूरकडचे. सुरतेत लूमवर आलो. एकदा धोटा उडून हातावर बसला, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली. तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना, मग कारखान्यात कोण ठेवतो? भेस्तानच्या एका नर्सरीत लागलो. कुंड्या भरायच्या, कलमं करायची, शेठलोकांच्या बंगल्यावर हिरवळ लावायची. माती वाकड्या बोटांना काही म्हणत नाही.

पुराचं आणि प्लेगचं साल सुरतेत कोणाला समजावून सांगायला नको. त्यानंतर सुधराईनं, म्हणजे म्युनिसिपालटीनं, शहर झाडून पुसून काढलं. गल्ल्यागल्ल्यांत सिमेंट आलं. सगळ्यांनी वाहवा केली, मीही केली. पण सिमेंट पाणी पीत नाही. आधी जे पाणी रस्त्याच्या मातीत जिरायचं ते आता घसरगुंडीवरून यावं तसं येऊ लागलं, आणि जो सगळ्यात खाली त्याच्या घरात शिरू लागलं.

आमच्या चाळीत सगळ्यात खाली आमची ओळ. चाळ कशी ते सांगतो. रस्त्याला लागून वरची ओळ, तिथं आमचे भाऊबंद, सगळे खान्देशी. मध्ये मोकळा कॉमन प्लॉट. त्याच्या पलीकडे खालची ओळ. वर जागा उरली नव्हती म्हणून मी खाली. माझ्या भिंतीला भिंत भीमराव मिस्त्रीची. भुसावळकडचे बौद्ध, बाप रेल्वेत होता. त्याची बायको वत्सलाबाई आणि इंदू, दोघींचं एका चुलीसारखं. पाऊस सुरू झाला की वत्सलाबाई स्टोव्ह खाटेवर ठेवायची आणि खाट विटांवर. मग खाटेवरून ओरडायची, "इंदूबाई, तुमच्याकडे कुठवर आलं?" इंदू आतून सांगायची, "पोटरीला! तुमच्याकडे?" हसायच्या दोघी. काय करणार!

तेव्हा नर्सरीत एक बेन यायच्या, नयनाबेन. बाहेरदेशी शिकून आलेल्या. पावसाच्या पाण्यासाठी बागा करायच्या असं त्यांच्या डोक्यात. त्यांनी मला सांगितलं, "नामदेवभाई, बगीचा रस्त्याच्या खाली करायचा. खाड्यात."

मी बघतच राहिलो. जन्मभर वाफे केले, वाफ्याला बांध घातला, झाड उंचावर ठेवलं की मूळ कुजत नाही हे शिकलो, आणि ही बाई म्हणते खड्ड्यात बाग. मी म्हटलं, "बेन, झाडं बुडतील."

"बुडायलाच लावायची. पानी ऊपर चढता है क्या? नाही ना? मग बाग खाली आणा."

घरी येऊन इंदूला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "मग गावाकडे न्हाणीच्या मागं केळ कुठं लावतो आपण? वर का खाली?" ती घरात अहिराणीच बोलायची. इथं सगळ्यांना कळावं म्हणून बरंचसं साधं करून लिहितो. पण एक बोलणं तिचं तसंच लिहितो, कारण मला ते दुसऱ्या भाषेत येत नाही: "पानी कोठे जास ते आधी देख, मंग कुदाय मार."

मग आम्ही कॉमन प्लॉटात पहिला खड्डा केला. बेननी सामान दिलं, श्रम आमच्या खालच्या ओळीचे. धंद्याची गोष्ट आहे म्हणून थोडी उकलून सांगतो. मांडीइतका खोल लांबट खड्डा. तळाला विटांचे तुकडे. त्यावर तापीच्या वाळूचा जाड थर, वरच्या वाळूत थोडं शेणखत आणि माती कालवून. त्यात झाडं अशी लावायची की ज्यांना दोन दिवस पाण्यात उभं राहण्याची लाज नाही आणि मे महिन्यात कोरडं राहण्याची तक्रार नाही. कर्दळ, वाळा, लव्हाळा. मी कडेनं अळूही लावला होता. इंदूनं तो उपटायला लावला. म्हणाली, "बाया पानं तोडून नेतील, वड्या करतील. हे न्हाणीचं पाणी नाही, रस्त्याचं आहे. गाड्यांचं तेल पोटात जाईल." मला सुचलं नव्हतं. उपटला.

मग रस्त्याकडून आणि आमच्या गल्लीकडून, दोन्ही बाजूंनी खड्ड्याकडे उतार काढला. पाणी येतं, झाडांपाशी थांबतं, गाळ वर सोडतं, मुळं पितात, उरलेलं वाळूतून खाली जमिनीत जातं. दुसऱ्या दिवशी खड्डा रिकामा. झाला पाहिजेच. नाही झाला तर डास, आणि डास झाले की सुधराईचा माणूस दंड करायला हजर.

पहिला मोठा पाऊस आला त्या दिवशी सगळी चाळ दारात उभी. रस्त्याचं पाणी वळलं, फेसाळत आलं आणि खड्ड्यात उतरलं. खड्डा भरला. आमच्या उंबऱ्याशी थेंब नाही. वत्सलाबाईनं खाटेवरून स्टोव्ह खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली, जसा काही स्टोव्हच पाहुणा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाण्याचा टिपूस नव्हता. वरच्या ओळीचे पुंडलिक आबा काठीनं तळ टोचून बघत होते. "नामदेव, एवढं पाणी गेलं कोठे? खाली भोक तर पडलं नाही? चाळ खचायची एखाद्या दिवशी."

"आबा, जमिनीनं प्यायलं."

"एवढी तहान?" आबांना ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं होतं असं नाही. मी पण काठीनं टोचून बघितलं होतं, ते उठायच्या आधी.

मग माझं नाव झालं. लोक मला खाडेवाला म्हणू लागले. कामं येऊ लागली. एका बंगल्यातल्या शेठाणीला खड्ड्यात कमळं आणि लाल मासे पाहिजे होते. मी म्हटलं, "बेन, हा खड्डा उद्या रिकामा होणार. मासे काय रिक्षा करून जातील?" तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. सुरतेजवळ सचिन म्हणून कारखान्यांचं गाव आहे, तिथं एका रंगाईच्या कारखान्यानं गेटबाहेर बाग करून घेतली. चांगली झाली. पावसाच्या महिन्यात जाऊन बघतो तर सगळा वाळा बुडापासून शेंड्यापर्यंत जांभळा. खड्ड्यातला चिखल गुलाबी. बेडूकसुद्धा रंगलेला. पाऊस बघून आतल्या माणसांनी रंगाचं पाणी तिकडंच सोडलं होतं. शेठ बाहेर आला, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाला, "कलर तो सरस छे ने, भाई?" मी त्याला काय बोललो ते अंकात छापता येणार नाही.

आता कानबाई. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, खण नेसवायचा, चौरंगावर बसवायची. रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी पाटावर घेऊन, बाईच्या डोक्यावरून, वाजतगाजत नदीला न्यायची. आमच्या घरांत दोन गोष्टी पक्क्या. एक, कानबाईनं उंबरा ओलांडला की तिला परत घरात घ्यायचं नाही. दुसरी, विसर्जन झालं की नदीची वाळू त्याच पाटावर घेऊन यायची. ती घराच्या कोपऱ्यांत टाकायची, धान्याच्या डब्यात चिमूट टाकायची. पाट रिकामा आणायचा नाही.

त्या सालच्या सोमवारी मी सचिनला होतो. रविवारी पावसानं त्या शेठचा खड्डा वर आला म्हणून पहाटेच मला बोलावून नेलं. पाऊस असा लागला की रस्ता बंद. परत येता आलं नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये राहिलो. इकडे चाळीत काय झालं ते मला नंतर वत्सलाबाईनं सांगितलं.

बाया कानबाया घेऊन निघाल्या. पुढं इंदू, मागं आबांची बायको, तिला आम्ही मोठी वहिनी म्हणायचो, मग बाकीच्या. नाक्यापर्यंत गेल्या तर खाडी रस्त्यावर आलेली. पोलिसांनी दोरी बांधलेली. नदीकडे कोणाला सोडत नव्हते. वाजंत्री पळून गेले. बाया डोक्यावर पाट घेऊन पावसात उभ्या. पुढं जाता येईना, घरात घेता येईना. खण भिजून रंग तोंडावर ओघळला. म्हातारी वहिनी थरथरायला लागली. परत चाळीत आल्या, कॉमन प्लॉटाच्या काठाशी थांबल्या. खड्डा काठोकाठ भरलेला, कर्दळीची फुलं पाण्यावर. इंदू म्हणाली, "हाई बी पानीच शे." आणि उतरली. छातीशी पाट धरून आरती म्हटली, कानबाई सोडली. तिच्यामागं सगळ्यांनी सोडल्या. गढूळ पाण्यात खाली नुसता गाळ हाताला लागला, म्हणून वाळू कोणी घेतली नाही. पाट रिकामे घेऊन आपापल्या घरी गेल्या.

सोमवारी रात्री पाऊस थांबला. मी मंगळवारी सकाळी चाळीच्या कोपऱ्यावर उतरलो तर कॉमन प्लॉटाभोवती सगळी चाळ गोळा. मला वाटलं कोणीतरी गेलं. गर्दीतून आत घुसलो.

खड्डा रिकामा होता. जसा व्हायला पाहिजे तसा. आणि तळाशी गाळात, कर्दळीच्या बुडांत, कानबाया पडलेल्या. एक उताणी, डोळे वर. एकीचं कुंकू वाहून गालावर आलेलं. एकीची खोटी नथ उन्हात चमकत होती. खण चिखलात लोळत होते. एक कुत्रं काठावर उभं राहून वास घेत होतं आणि त्याला हाकलायचंही कोणाला सुचत नव्हतं. हात कोण लावणार? सोडलेल्या देवीला परत हात लावत नाहीत. पाण्यानं त्यांना नेलं नव्हतं. पाणी एकटंच निघून गेलं होतं.

माझ्या कामाचं मला एवढं भय कधी वाटलं नव्हतं.

"आलास?" आबा म्हणाले. "बघ तुझ्या खाड्यानं काय केलं ते."

"आबा, पण इथं सोडायला..."

"तुझ्या घरचीला विचार. ती पुढं होती."

आबा वाईट माणूस नव्हता. प्लेगच्या सालात सगळे रेल्वेला लटकून गावाला पळाले, तेव्हा चाळीच्या किल्ल्या सांभाळत हा एकटा मागं राहिला होता. पण त्याच्या सुनेचा नवस होता, पहिलं मूल गेलेलं. त्याच्या डोळ्यांत राग कमी आणि भीती जास्त होती. तो म्हणाला, "पोराला टेम्पो आणायला पाठवलाय. रोड्यांचा, विटामातीच्या डबराचा. आई उघडी पडलीय, तिला झाकायचं. आणि हा खड्डा बुजवून टाकायचा. वर ओटा बांधू."

भीमराव पुढं आला. अंगात बनियन, तोंडात दातवण. म्हणाला, "आबा, देव तुमचा, मी मध्ये बोलणार नाही. पण श्रावण अर्धा आहे. भादवा आख्खा बाकी आहे. माझी सून बाळंतीण आहे घरात. तिची खाट किती विटांवर चढवू?"

"आणि आमच्या घरावर आई कोपली तर? ते कोण बघेल, भीमराव? तू?"

"कोपली तर मी जबाबदार. पाणी आलं तर तुम्ही जबाबदार का?"

वरच्या ओळीचे तापले. खालच्या ओळीचे पुढं सरकले. मी मध्ये उभा. खड्डा माझा, जात वरच्यांची, घर खालच्यांत. हे बुजवलं की पुढच्या पावसाला बाळाच्या खाटेखाली पाणी, हे मला दिसत होतं. आणि नाही बुजवलं तर वरच्या ओळीत वर्षभर कोणाच्या घरात काही झालं की बोट या खड्ड्याकडे आणि माझ्या बायकोकडे. तेही दिसत होतं.

तेवढ्यात इंदू आली. वत्सलाबाई म्हणाली, सकाळपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता, दाराला कडी लावून बसली होती. डोक्यावर पदर, हातात कालचा रिकामा पाट. कोणाकडे न बघता सरळ खड्ड्यात उतरली. आबा ओरडले, "उतरू नको! हात लावू नको!"

तिनं कानबाईला हात लावला नाही. तिच्या शेजारी गाळात बसली आणि मला विचारलं, "हाई रेती कोठली शे?"

मी म्हटलं, "तापीची."

"कोणी आणली?"

"मीच. ट्रकमधून मीच उतरवली."

"तापी कोठून येते?"

मला कळेना हिला झालं काय. "आपल्याकडूनच येते. गावाकडून."

मग ती आबांकडे वळली. "मग आई तापीतच आहे ना, आबा?"

"पाणी कोठे आहे?" आबा म्हणाले. "पाणी निघून गेलं ना! आई उघडी पडली!"

"माझं माहेर पांझरेकाठी. उन्हाळ्यात पांझरा आटते. मागल्या सालचे नारळ दगडांत उघडे पडतात, पोरं पायानं उडवतात. तेव्हा कोण रडतं? तुम्ही रडला होता?" तिनं गाळातल्या नारळाकडे हात केला. "आई पाण्याबरोबर खाली गेली. वर राहिला तो नारळ."

आबांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी मान फिरवली आणि रस्त्याकडे बघू लागले, टेम्पो का आला नाही म्हणून.

इंदूनं मग ते केलं ज्यासाठी ती आली होती. पाट गाळात टेकवला. वर जी गाळाची पापडी जमली होती ती दोन्ही हातांनी खरवडली, खालची वाळू घेतली, गाळासकट पाटावर भरली. पाट डोक्यावर घेतला, चिखलाचं पाणी कपाळावरून ओघळत होतं, आणि कानबाईचं गाणं म्हणत काठावर चढली. आवाज फाटलेला. एकटीच गात होती. गर्दीनं तिला वाट दिली. ती घरात गेली.

सगळे तसेच उभे. मग मोठी वहिनी आपल्या घरात गेली आणि पाट घेऊन बाहेर आली. म्हातारी बाई, गुडघे धरलेले. खड्ड्याच्या काठाशी आली तर आबा म्हणाले, "कथा चालनी?" कुठं चाललीस म्हणून.

ती म्हणाली, "काल पाट रिकामा आणला. वर्षभर घर रिकामं ठेवू का तुमचं?"

"अगं पण..."

"हात धरा. पाय घसरतो."

आबांनी हात धरला. काय करतो! बायको सगळ्यांसमोर हात पुढं करून उभी. तिला धरून खाली उतरवली. तिच्या मागं तिची सून. मग एकेक करत बाकीच्या. खड्ड्यात बायाच बाया, कर्दळी बाजूला सारत, देवीपासून हातभर अंतर ठेवून गाळ खरवडत होत्या. कोणीतरी गाणं उचललं. कुत्रं पळालं. मी माळी, मी त्या खड्ड्याचा तळ बांधलेला, आणि मला माझ्याच खड्ड्यात काय चाललंय ते कळत नव्हतं.

तेवढ्यात टेम्पो आला. काठेवाडी ड्रायव्हर, घाईत. खिडकीतून डोकं काढून, "काका, क्यां नाखवानुं छे?" कुठं टाकायचं म्हणून विचारतोय. तिसऱ्यांदा हॉर्न मारला तेव्हा आबा त्याच्याकडे गेले. चाळीच्या तोंडाशी रस्त्यात एक खड्डा होता, सगळ्यांच्या सायकली त्यात आपटायच्या. तिकडं काठी दाखवून म्हणाले, "तिथं टाक."

संध्याकाळी पुन्हा पाऊस आला. खड्डा भरला, कानबाया पाण्याखाली गेल्या. भीमरावच्या घरात बाळ रडत होतं. कोरड्या खाटेवर.

लोक विचारतात, मग नारळ उगवले का? नाही उगवले. कुजले. खत झालं. पुढच्या साली तिथली कर्दळ माझ्या छातीला लागली. आबांच्या सुनेला मूल झालं, ते खड्ड्यामुळं झालं असं मी म्हणत नाही, आबा म्हणायचे.

पुढं काय झालं की चाळीला तशी रीतच पडली. विसर्जन नदीला, नाहीतर जिथं सोडतील तिथं. पण वाळू मात्र परत येऊन या खड्ड्यातूनच घ्यायची. नदीकाठी आता वाळू हाताला लागत नाही, हेही एक. पहिली इंदू उतरायची, तिच्यामागं बाकीच्या. मी कुरकुर करायचो. बाया झाडं तुडवतात, वाळू नेतात, मला दरवर्षी नवी टाकावी लागते. एकदा ओरडलोही. इंदू म्हणाली, "टाक मग. माळी कशाला झालास?"

मी केलेल्या बाकीच्या बागा एकेक करून मेल्या. बंगल्यातली मेली, शाळेतली मेली, सचिनची रंगीत तर कधीच मेली. पाणी जिरेना, डास झाले, लोकांनी बुजवून वर फरशी घातली. मला वाटायचं माझ्या हातात खोट आहे. काही वर्षांनी सचिनचाच तो खड्डा तोडायला मला बोलावलं. कुदळ मारली तर वर गाळाची, लूमच्या फुचड्यांची, म्हणजे धाग्यांच्या कचऱ्याची, अशी साय जमलेली की चपलेच्या तळव्यासारखी चिवट. ती उचकटली आणि खाली बघतो तर वाळू कोरडी ठणठणीत. वर पाणी साचून कुजलेलं आणि खाली वाळू तहानेनं मेलेली, मध्ये बोटभर साय. तेव्हा नयनाबेनचं बोलणं आठवलं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी, "नामदेवभाई, दर साल ऊपर की परत निकालना." वरचा थर दरवर्षी काढायचा. मी सगळ्या गिऱ्हाइकांना ते सांगितलं होतं. एकानंही केलं नाही. सणासुदीच्या दिवसांत चिखल खरवडायला कोणाला हौस?

परत आलो आणि चाळीच्या तोंडाशीच बसलो. आमच्या खड्ड्याची साय दर श्रावणात निघत होती. पाटावर बसून, वाजतगाजत घरोघरी जात होती.

इंदूला विचारलं, "त्या दिवशी तू गाळासकट भरलंस. तुला ठाऊक होतं का? मुद्दाम केलंस का?"

ती म्हणाली, "चहा घे आधी. थंड होतोय."

पुन्हा विचारायचं राहून गेलं. आता विचारतो, ओट्याकडे बघून.

यंदा श्रावणात कानबाई बसली. आमच्या घरात नाही. वर्ष झालेलं नाही, घरात सण नाही. सोमवारी विसर्जन करून बाया परत आल्या आणि खड्ड्याच्या काठाशी थांबल्या. मी दारात बसलो होतो. त्या उतरेनात. एकमेकींकडे बघत होत्या. पहिली कोण? मोठी वहिनी, आबा, दोघं कधीच गेले. नव्या सुना काही गुजरातीत कुजबुजत होत्या. कोणाचा पाय पुढं होईना, आणि मला कळलं की यंदा साय राहणार. यंदा राहिली की पुढच्या साली पाणी राहील, आणि त्याच्या पुढच्या साली कोणीतरी फरशी घालील. आणि मी दारातून बघत बसेन. उठावंसं वाटत होतं, पण आमच्या घरचा पाट यंदा बाहेर काढता येत नाही.

वत्सलाबाई बाहेर आली. तिचीही कंबर वाकलीय आता. हातात भीमरावचं जुनं घमेलं, मिस्त्रीकामाचं, बुडाला चीर गेलेलं. माझ्यापुढं ठेवलं.

"उठा, भाऊ."

"वत्सलाबाई, आमच्याकडे वर्षाचं सुतक..."

"पाट नका घेऊ. घमेलं घ्या. तुम्ही माळी आहात ना? माळ्याला कामाचं कसलं सुतक?"

मी उठलो. बाया बाजूला झाल्या. खाली उतरताना गुडघा कुरकुरला, वत्सलाबाई वरून म्हणाली, "बघून, कर्दळ मोडाल." वाकड्या बोटांनी साय खरवडली. सहज निघाली, सालभराचीच होती. खाली वाळू गार, ओली. घमेलं भरलं आणि वर बघितलं. आबांच्या नातसुनेनं पदर खोचला आणि उतरली. तिच्यामागं दुसरी.

घमेलं आणून ओट्यावर ठेवलं, इंदू बसायची तिथं. घरात नेलं नाही. शेजारी बसलो. बुडाच्या चिरेतून पाणी ठिबकत होतं. ओट्यावरून खाली उतरलं, गल्लीत आलं, थोडं थबकलं. मी बघत बसलो कुठं जातं ते. वळलं, आणि खड्ड्याकडे गेलं.